लेकीचं नाव ठरलं, पण लिहायचं कसं? वेलांटीपासून इंग्लिश स्पेलिंगपर्यंत

बारशाला आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, पाठीत धपाटे खाते आणि मोकळी होते. नाव इरा का ईरा, वेलांटी पहिली का दुसरी, इंग्लिशमध्ये एक ए का दोन, हे पाळण्यापाशी कुणीच विचारत नाही. विचारतं कोण, तर जन्मनोंदणीच्या टेबलावरचा माणूस, आधार सेंटरवरचा ऑपरेटर आणि मग आमच्यासारखे शाळेच्या ऑफिसातले लोक. आणि तेव्हा आई एक सांगते, बाबा दुसरं सांगतात आणि हातातल्या कागदावर तिसरंच असतं.

मी साताऱ्यात शाळेच्या ऑफिसात आहे आणि दोन भाच्यांची आत्या पण आहे, त्यामुळं दोन्ही बाजूंनी हा विषय माझ्या पुढ्यात येतो. आजकाल नावं ठरतात पटकन, मोबाईलवर यादी बघून, पण मग सान्वी का सानवी, अन्वी का आन्वी, शर्वरी का शार्वरी ह्यावरून घरात आठवडाभर वाद. तर कसं ठरवायचं ते क्रमानं सांगते. कुठलं नाव चांगलं हा विषयच नाही, नाव ठरलंय असं धरूनच चाललेय.

आधी एक, घाई करायची नाही

लोकांना वाटतं की एकवीस दिवसांत नाव द्यावंच लागतं. तसं नाहीये. एकवीस दिवसांची मुदत जन्माची नोंद करायला आहे, आणि बाळंतपण दवाखान्यात झालं असलं तर ती माहिती दवाखानाच कळवतो. नावाचा रकाना मोकळा ठेवून नोंद होते. नंतर नोंदणीच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत नाव घातलं तर फी पण लागत नाही, आणि त्यापुढं पंधरा वर्षांपर्यंत लेट फी भरून घालता येतं. हे १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये आणि त्याखालच्या नियमांत आहे. म्हणजे बारसं बाराव्या दिवशी करा नाहीतर सव्वा महिन्यानं, स्पेलिंगवर विचार करायला वेळ आहे. दवाखान्यातून डिस्चार्ज घेताना काउंटरवर उभ्या उभ्या, एका हातात पिशवी, एका हातात बिल, अशा अवस्थेत फॉर्मवर नाव लिहून देऊ नका, निम्म्या भानगडी तिथंच तयार होतात.

पण पंधरा वर्षं आहेत म्हणून निवांत पण बसू नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातली दुरुस्ती लागू झालीय, त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, लायसन, मतदार यादी सगळीकडं जन्मतारखेचा आणि जन्मठिकाणाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालणार. पूर्वी शाळेत मास्तरांनी जून महिन्यातली तारीख आणि जमेल तसं नाव घातलं तरी त्यावर आयुष्य निघायचं, ते दिवस गेले. आता त्या दाखल्यावर जे छापून येईल तेच पुढं सगळीकडं जाणार, म्हणून दोन-तीन महिन्यांत शांतपणे ठरवा आणि घालून टाका.

पहिलं काम: मराठीतलं नाव पक्कं करा, इंग्लिशला अजून हात लावू नका

सगळे उलटं करतात. आधी इंग्लिश स्पेलिंग 'छान दिसतंय' म्हणून ठरवतात आणि मग त्यावरून मराठी लिहितात. मराठीत नाव कसं लिहायचं ह्याला बहुतेक वेळा काहीतरी आधार असतो, इंग्लिशमध्ये मराठी नाव कसं लिहायचं ह्याला फक्त सवय असते. म्हणून जिथं आधार आहे तिथून सुरू करा.

सगळ्यात जास्त गोंधळ वेलांटी-उकारांचा. त्यातला निम्मा एका नियमात सुटतो. मराठीत शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला की तो दीर्घ लिहायचा, आणि माणसांच्या नावांना पण हेच लागू. संस्कृतात अदिति, श्रुति, कीर्ति असं असतं आणि हिंदीवाले तसंच लिहितात, पण मराठीत अदिती, श्रुती, कीर्ती, भक्ती, सृष्टी, दुसरी वेलांटी. त्यामुळं हिंदी वेबसाईटवरून नाव उचललं असेल तर शेवटची वेलांटी आधी बघा.

आता नियमाचा दुसरा भाग. तोच शब्द पुढच्या शब्दाला जोडला गेला की मधली वेलांटी परत ऱ्हस्व होते. ह्याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे, कराडला कृष्णा-कोयना मिळतात तो प्रीतिसंगम. मुलीचं नाव प्रीती असेल तर शेवटची दुसरी वेलांटी, पण प्रीतिसंगमात ति पहिल्या वेलांटीचा. त्याच हिशोबानं गिरी पण गिरिजा, ऋतू पण ऋतुजा, वसू पण वसुधा आणि वसुंधरा. गिरीजा आणि ऋतूजा असं लिहिलेलं इतक्या ठिकाणी दिसतं की आता बरोबर लिहिलेलंच चूक वाटायला लागलंय.

नावाच्या सुरुवातीची आणि मधली वेलांटी मात्र मूळ शब्दावर जाते, तिथं पाठ असावं लागतं किंवा शब्दकोश उघडावा लागतो. पूर्वा, नूतन, मयूरी, ऊर्मी, नीरजा, मीनाक्षी, दीप्ती ह्यांत दीर्घ. मुग्धा, मुक्ता, करुणा, मधुरा, ऋजुता ह्यांत ऱ्हस्व. तनुजा आणि तनूजा दोन्ही चालतात, भांडू नका. मनीषा हे नाव तर मी इतक्या प्रकारांनी लिहिलेलं बघितलंय की विचारू नका, त्यात नी दीर्घ आणि ष पोटफोड्या. उषा पण पोटफोड्या ष, पण विशाखा आणि वैशाली शहामृगाचा श. कृत्तिका नक्षत्राला दोन त आहेत. उज्ज्वला मध्ये ज दोनदा येतो. शिवानीत न आहे, बाणातला ण नाही.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढं कोण बघतं? दहावी-बारावीपर्यंत कुणी नाही बघत, खरंय. पण मराठीच्या बाई वहीवरचं नाव लाल पेनानं दुरुस्त करतात आणि पोरगी घरी येऊन विचारते, "आई, माझं नाव चुकलंय का?" तेव्हा उत्तर द्यावं लागतं. शुद्ध लिहायला एक पैसा जास्त लागत नाही.

एकच नाव दोन तऱ्हांनी, का दोन वेगळी नावं?

दुसरं काम म्हणजे हे तपासायचं. कधी कधी आपण स्पेलिंग निवडतोय असं वाटतं आणि खरं तर नावच वेगळं असतं. शर्वरी म्हणजे रात्र, शार्वरी हे साठ संवत्सरांपैकी एकाचं नाव. ईशा आणि ईषा ऐकायला जवळजवळ सारखं, पण ईषा म्हणजे गाडीचा किंवा नांगराचा दांडा. आर्या आणि आरिया वेगळं. श्रेया आणि श्रिया वेगळं. इथं 'कसं दिसतंय' ह्यावर ठरवू नका, अर्थ बघून ठरवा.

अर्थ बघायचा तो चांगल्या शब्दकोशात. नावांच्या वेबसाईटवर सरसकट प्रत्येक नावापुढं 'लक्ष्मीचं एक नाव' किंवा 'दुर्गेचं रूप' लिहिलेलं असतं, ज्या शब्दाचा अर्थ सापडला नाही त्याला लक्ष्मी चिकटवून देतात असा माझा पक्का संशय आहे. नाव आवडलं आणि अर्थ सापडला नाही तरी ठेवा की, काही बिघडत नाही, फक्त मग शुद्ध-अशुद्धचा वाद घालू नका. अशा नव्या घडवलेल्या नावांना तुम्ही ठेवाल तेच शुद्ध.

नावाच्या अर्थाचं ओझं किती असू शकतं हे साताऱ्याला सांगायला नको. मुलगाच पाहिजे म्हणून नको झालेल्या मुलीला 'नकुसा' नाव ठेवायची पद्धत होती आणि ऑक्टोबर २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यात अशा २८० च्या वर मुलींना एका कार्यक्रमात नवीन नावं दिली गेली. त्या मानानं आपण वेलांटीवर भांडतोय ही चैनच आहे, आणि ही चैन करावी, लेकीच्या नावावर एवढा वेळ घालवणं मला तरी आवडतं.

पत्रिकेचं अक्षर हा अजून एक मुद्दा. गुरुजींनी 'ई' सांगितला म्हणून इरा चालणार नाही, ईरा किंवा ईश्वरीच पाहिजे असा हट्ट करू नका. कृत्तिकेची अक्षरं अ, ई, उ, ए अशी सांगतात, पण तिथं ऱ्हस्व-दीर्घाचा एवढा काटेकोर हिशोब बहुतेक गुरुजी धरत नाहीत, त्यांनाच विचारून घ्या. आणि हस्त नक्षत्राचा 'ण' किंवा 'ठ' आला तर पत्रिकेतलं नाव वेगळं ठेवून मोकळे व्हा, सगळे तेच करतात.

आता इंग्लिश स्पेलिंग: कान आणि डोळे

इंग्लिशमध्ये 'बरोबर' स्पेलिंग असं काही नसतं, म्हणून तिथं सोयीचं बघायचं. सोय दोन प्रकारची. एक म्हणजे नाव ऐकून समोरचा काय लिहील, आणि दुसरी, लिहिलेलं वाचून समोरचा काय म्हणेल. माझ्या मते पहिली जास्त महत्त्वाची, कारण आयुष्यभर काउंटरवर, फोनवर, फॉर्म भरताना आपण नाव तोंडी सांगतो आणि समोरचा टाईप करतो. त्यानं न विचारता जे टाईप केलं तेच आपलं स्पेलिंग निघालं तर पुढचा निम्मा त्रास वाचला.

म्हणून हे करून बघा. ओळखीतल्या चार-पाच जणांना फोन करा, कॉलेजची पोरगी, बँकेतला कुणी, मामा, शेजारच्या काकू असे वेगवेगळे, आणि फक्त नाव सांगून म्हणा, "इंग्लिशमध्ये लिहून पाठव." स्पेलिंग सांगायचं नाही, ठसक्यात उच्चारायचं पण नाही. जे सगळ्यात जास्त वेळा येईल ते यादीत वर. मग दुसऱ्या कुणाला तरी, ज्यांना नाव माहिती नाही त्यांना, ते स्पेलिंग दाखवून वाचायला सांगा. सातवी-आठवीतलं पोरगं असेल तर उत्तम, ते भीडभाड न ठेवता वाचतं.

दोन्हीत तेच आलं तर संपलं, ठेवून टाका. नाही आलं तर माझा नियम असा: चुकीचं वाचल्यावर नुसता उच्चार वाकडा होत असेल तर चालवून घ्या, पण चुकीचं वाचल्यावर दुसरंच नाव तयार होत असेल तर स्पेलिंग बदला.

सई घ्या. शिवाजी महाराजांच्या सईबाई फलटणच्या निंबाळकरांच्या, त्यामुळं आपल्याकडं हे नाव घरचंच. ऐकून लोक लिहितात एस-ए-आय. पण तेच वाचलं की होतं साई, शिर्डीचे साई, म्हणजे सरळ दुसरंच नाव, आणि वर्गात एखादा साईराज असला की दोघांच्या नावाची हमखास गल्लत. इथं मी एस-ए-डबल ई घेईन, ते थोडं सांगावं लागलं तरी चालेल.

इरा उलटं आहे. आधी मराठी: कोशात इरा, पहिला इ ऱ्हस्व, पृथ्वी, वाणी, पाणी असे अर्थ दिलेले. मग मराठी ठरलं, इरा. इंग्लिशमध्ये ऐकून बहुतेक लोक आय-आर-ए लिहितील. वाचताना इंग्लिश मीडियमच्या मॅडम 'आयरा' म्हणतील, आणि आयरा हे पण हल्ली नाव आहे, म्हणजे माझ्याच नियमानं इथं गोची. मग डबल ई-आर-ए घ्यावं का? उच्चार बरोबर येतो, पण ऑपरेटरनं इंग्लिशवरून मराठी केलं की ते 'ईरा' होऊन बसायचा धोका आहे. शिवाय आय-आर-ए मध्ये एक बारीक काडी आहे जी लिहिताना कुणाच्या लक्षात येत नाही: कॅपिटल आय आणि स्मॉल एल बऱ्याच फॉन्टमध्ये हुबेहूब सारखे दिसतात, नुसती उभी रेघ. पहिलं अक्षर कॅपिटल आणि पुढची स्मॉल असं छापलं की समोरचा एल-आर-ए वाचू शकतो. फॉर्मवर सगळं नाव कॅपिटलमध्ये लिहिलं की हा प्रश्न मिटतो. सगळं धरून मी तरी आय-आर-ए च घेतलं असतं, आयरा-आयरा म्हणणाऱ्या मॅडम दोन दिवसांत सुधारतात, कागद सुधारायला महिने जातात. पण ह्यात कुणी डबल ई घेतला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. आय आणि डबल ए ची जी सगळी मिश्रणं लोक करतात, आय-आर-डबल ए, डबल ई-आर-डबल ए, ती मात्र सोडा.

डबल ए बद्दल एकदाच सांगून टाकते. दीर्घ उच्चार दाखवायला अक्षरं वाढवायची गरज नसते. पाटील आडनावात दीर्घ ई आहे, इंग्लिशमध्ये सगळे पी-ए-टी-आय-एल लिहितात, कुणी चुकीचं वाचत नाही. सातारा एस-ए-टी-ए-आर-ए, तीन ठिकाणी आ आणि एकदाही डबल ए नाही, एसटीचा कंडक्टर बरोबर साताराच ओरडतो. जिथं नाव मराठी लोक वाचणार आहेत तिथं ते मराठी डोक्यानंच वाचतात. डबल ए तेव्हाच घ्या जेव्हा नाहीतर दुसरं नाव होतं.

कुठं कुठं अडतं

ऋ: मराठीत आपण रु म्हणतो, हिंदीवाले रि. म्हणून आपल्याकडं अमृता ए-एम-आर-यू-टी-ए आणि तिकडं ए-एम-आर-आय-टी-ए. दोन्ही चालतात, पण घरात जसं बोलता तसं लिहा. सांगलीची स्मृती मानधना नाव आर-आय नं लिहिते आणि जगाला अडचण आली नाही, फक्त आपल्या भागात ऐकून लिहिणारा हात आपोआप आर-यू कडं जातो हे लक्षात ठेवा. ऋतुजाला पुढं एच लावून एच-आर-यू करणारे पण आहेत, ते नका करू, उगाच लोक ह शोधत बसतात. आणि मराठीत लिहिताना ऋ च लिहा, इंग्लिशवरून उलटं मराठी केलं की हमखास 'रुतुजा' होतं.

ज्ञ: मराठीत डी-एन-वाय, हिंदीत जी-वाय. ज्ञानदा, प्रज्ञा, ज्ञानेश्वरी ठेवणार असाल तर डी-एन-वाय घ्या, महाराष्ट्रात ओळखीचं आहे. बाहेर कुणीच नीट वाचणार नाही, पण ज्ञ चं कुठलंच स्पेलिंग कुणी नीट वाचत नाही, त्यामुळं सोडून द्या.

व: व्ही का डब्ल्यू. स्वरा, श्वेता अशा स-श च्या जोडाक्षरात डब्ल्यू रूढ आहे, वैष्णवी, अन्वी, वेदा, शर्वरी अशात व्ही. एका नावात दोन व असतील तर दोन्हीकडं एकच अक्षर ठेवा.

त आणि थ: हे सांगलीकडच्यांसाठी जास्त. जत, मिरज भागात कन्नड घरं भरपूर, आणि कानडीत त साठी टी-एच लिहायची पद्धत आहे, श्वेता, कविता, गीता सगळ्यांना टी-एच. आपला मराठी माणूस टी-एच दिसलं की थ वाचतो. नातेवाईक, शाळा, पुढचं शिक्षण कर्नाटकात होणार असेल तर टी-एच ठेवा, नाहीतर नुसता टी.

क्ष ला के-एस-एच लिहा, एक्स घालून अक्षता लिहिलं की ते औषधाचं नाव वाटतं. शेवटच्या ई ला आय. वाय, आय-ई, डबल ई हे प्रकार फॅशनचे आहेत, सई सारखी खरी अडचण असेल तरच.

आणि श: एस-एच. नुसता एस लिहिला की श्रुती ची स्रुती होते. तसंही आपल्या गावाकडं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी श चा स होतोच, वैष्णवीची वैस्नवी आणि शर्वरीची सरवरी. हे आधीच ऐकून घ्या, आजीला दोन-चारदा हाक मारायला लावा. मळ्यातून घराकडं लांबून हाक मारल्यावर नावाचं काय होतं ते कळलं की कधी कधी स्पेलिंगचा वाद सोडून लोक नावच बदलतात.

अंकशास्त्र आणि घरातले वाद

एखादा काका असतोच जो म्हणतो, एक ए वाढवा, बेरीज चांगली येते. माझं स्पष्ट मत आहे, कागदावर वाढवू नका. तो जास्तीचा ए ती पोरगी पुढची साठ-सत्तर वर्षं प्रत्येक काउंटरवर सांगत बसणार, "नाही सर, डबल ए." काकांचं मन राखायचं असेल तर पाळण्यावरच्या बोर्डावर, केकवर, इन्स्टाग्रामवर पाहिजे तेवढे ए लावा.

'वेगळं दिसावं' म्हणून स्पेलिंग वाकडं करणं पण तसलंच. वर्गात तीन अन्वी असतील तर त्या आडनावानं ओळखल्या जातात, जादाच्या वाय नं नाही. फार तर रोल नंबर बदलेल. ए नं सुरू होणारं नाव असलं की हजेरीत वरचा नंबर येतो आणि तोंडी परीक्षेला आधी उभं राहायला लागतं, हे आमच्याकडच्या पोरी वैतागून सांगतात, पण त्यावर कुणी स्पेलिंग ठरवत असेल तर धन्य आहे.

नवरा-बायकोचं पटत नसेल तर मी सांगेन की आईचं ऐका. शाळेचे फॉर्म, लसीकरणाचं कार्ड, अंगणवाडी, सगळीकडं बहुतेक घरांत तीच लिहिणार असते.

ठरलं की एका कागदावर उतरवा

हे सगळ्यात कामाचं आहे आणि कुणी करत नाही. एक कोरा कागद घ्या. वर मराठीत पूर्ण नाव सुवाच्य, वेलांट्या ठळक. खाली इंग्लिशमध्ये कॅपिटलमध्ये. त्याचा फोटो काढून नवऱ्याच्या, आईच्या, सासऱ्यांच्या, जो कोण ऑफिसात जाणार त्याच्या मोबाईलमध्ये टाका. काउंटरवर नाव तोंडी सांगूच नका, कागद पुढं करा.

पूर्ण नाव म्हणजे काय हे पण बदललंय. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारनं शाळेच्या आणि इतर सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम केलाय. निर्णय चांगला आहे, पण त्यामुळं आईचं स्पेलिंग पण आता मधे आलं. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची पद्धत, आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, दवाखान्याच्या फाईलवर तिसरंच. बाळाचं नाव लिहायच्या आधी आईचं कुठलं नाव चालवायचं आणि ते आधारवर तसंच आहे का हे बघा. वडिलांच्या नावामागं राव, आडनावात साळुंखे का साळुंके, चव्हाण मध्ये इंग्लिशला एच एकदा का दोनदा, भोसले मध्ये एस नंतर ए आहे का नाही, हे पण आधारकार्ड समोर ठेवून. चव्हाणांनी शंका असेल तर यशवंतरावांचं स्पेलिंग घ्यावं, सी-एच-ए-व्ही-ए-एन, पण घरातल्या सगळ्यांच्या आधारवर वेगळं असेल तर घरचंच चालवा, एका पोरीपुरतं आडनाव सुधारायला जाऊ नका.

मग नोंदणी. सातारा शहरात नगरपालिका, सांगली-मिरज-कुपवाडला महानगरपालिका, खेड्यात ग्रामपंचायत, म्हणजे जिथं जन्म झाला तिथलं ऑफिस, तुम्ही राहता तिथलं नाही. माहेरी बाळंतपण झालं असेल तर हे विसरू नका, कोरेगावच्या घराचं बाळ मिरजेत जन्मलं तर दाखला मिरजेतून. दाखल्यावर मराठी आणि इंग्लिश दोन्ही नावं येतात. प्रिंट काढायच्या आधी स्क्रीन तुमच्याकडं वळवायला सांगा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, मराठी जास्त बारकाईनं, कारण बऱ्याच वेळा इंग्लिश टाईप केलं की मराठी आपोआप उमटतं आणि ऑपरेटर पुढं जातो. इथं भिडेखातर गप्प बसायचं नाही. मागं रांग आहे, साहेब वैतागलेत, असू देत. दोन मिनिटांचं काम आहे.

आधारला तर हे फारच. पाच वर्षांच्या आतलं बाल आधार जन्मदाखल्यावर निघतं, तिथं पण मराठी आपोआप येतं आणि पावती देताना तपासायची संधी असते. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यातली एक संधी चुकलेल्या वेलांटीवर घालवू नका. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अपडेट करायला जाल तेव्हा नावाला हात लागला नाही ना ते परत बघा.

त्यापाठोपाठ सुकन्या समृद्धीचं खातं, पोस्टात किंवा बँकेत, दहा वर्षांच्या आत. लेक लाडकी योजना, १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या, पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असणाऱ्या घरातल्या मुलींना टप्प्याटप्प्यानं एकूण एक लाख एक हजार रुपये मिळतात, त्याचा अर्ज अंगणवाडी ताईंकडं. पैशाचा शेवटचा आणि मोठा हप्ता, ७५ हजारांचा, मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर. म्हणजे आज लिहिलेलं नाव अठरा वर्षांनी बँकेच्या पासबुकाशी आणि आधारशी जुळायला पाहिजे. हे फॉर्म भरताना तोच कागदाचा फोटो उघडा, आठवणीतून लिहू नका.

शाळेत प्रवेश घेताना जनरल रजिस्टरला नाव चढतं, तेच पुढं दाखल्यावर, तेच दहावीच्या बोर्डाला जातं. हल्ली अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, काढताना शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं, एका अक्षराचा फरक असला तरी सिस्टीम घेत नाही, आणि मग आम्ही पालकांना फोन करतो आणि पालक म्हणतात, "मॅडम, एकच अक्षर हाय की, घ्या करून." ते आमच्या हातात नसतं हो. दहावीच्या परीक्षेआधी बोर्डाची प्री-लिस्ट शाळेत येते, तिच्यावर सही करायच्या आधी मुलीला स्वतःला वाचू द्या. निकाल लागल्यावर मार्कलिस्टवरचं नाव बदलायचं म्हणजे मोठा व्याप.

आधीच घोळ झाला असेल तर

जन्माच्या नोंदीत लिहिण्यातली चूक असेल, म्हणजे सान्वी द्यायचं होतं आणि साण्वी पडलं, तर ज्या ऑफिसात नोंद आहे तिथं पुरावा लावून कलम १५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहितात. पुरावा म्हणून दवाखान्याचे कागद, आई-वडिलांचे आधार जवळ ठेवा. पण नाव आता आवडत नाही म्हणून इराची आरोही करायची असेल तर ती दुरुस्ती नव्हे, तो नावात बदल, त्याला राजपत्राचा रस्ता आणि मग एकेक कागद नव्यानं.

दुरुस्तीचा क्रम मात्र पाळा: आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळा, मग बँक-पोस्ट. लोक जे सेंटर जवळ आहे तिथून सुरू करतात, आधी आधार बदलून येतात, आणि मग जन्मदाखल्याशी ते जुळत नाही म्हणून परत पहिल्यापासून. आणि दोन कागदांवर दोन स्पेलिंग असतील, दोन्हीपैकी कुठलंच अगदी चूक नसेल, तर जे जन्मदाखल्यावर आहे तेच चालवा, भले दुसरं जास्त सुंदर दिसत असेल. गिरिजा शुद्ध असली तरी दाखल्यावर आणि आधारवर सगळीकडं एकसारखं गिरीजा पडलं असेल तर मी स्वतः सांगेन, राहू द्या, वहीवर बाईंनी लाल केलं तर करू द्या.